मठाच्या शेजारी चार वर्षं

आमच्या भागातली एक मुलगी येत्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या कॅथलिक कॉलेजात शिकायला निघाली आहे. गेल्या आठवड्यात तिच्या आईंनी मला फोन केला आणि दीड तास प्रश्न विचारले. त्यातले निम्मे प्रश्न २०२१ मध्ये माझ्या आईलाही पडले होते, पण तेव्हा विचारायला कोणी नव्हतं. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय, तारखा आणि खर्चासकट.

मी कराडजवळच्या एका गावातला. आई-वडील दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, काकांचं गुऱ्हाळ, आबा माळकरी. मे २०२५ मध्ये मी मिनेसोटा राज्यातल्या कॉलेजव्हिलच्या सेंट जॉन्स युनिव्हर्सिटीतून बायॉलॉजीची पदवी घेतली. नावात युनिव्हर्सिटी असली तरी हे मुख्यतः पदवीपर्यंतचं, निवासी, छोटं कॉलेज आहे. १८५६ मध्ये पेनसिल्व्हेनियाहून आलेल्या बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्टच्या नियमाने राहणाऱ्या कॅथलिक) संन्याशांनी या भागात मठ स्थापला आणि मठाबरोबरच शिकवणं सुरू केलं. इथे फक्त मुलगे राहतात. मुलींचं कॉलेज ऑफ सेंट बेनेडिक्ट आठ-नऊ किलोमीटरवर, सेंट जोसेफ गावात आहे. ते बेनेडिक्टाइन सिस्टर्सनी १९१३ मध्ये सुरू केलं. राहायचं वेगळं, पण वर्ग एकत्र. माझ्या वेळी दोन्हीकडची मिळून विद्यार्थिसंख्या तीन हजारांच्या आसपास होती.

पहिली सूचना इथेच देतो. अमेरिकेत ‘सेंट जॉन्स’ एक नाही. न्यूयॉर्कमध्ये त्याच नावाचं मोठं विद्यापीठ आहे, अ‍ॅनापोलिस आणि सँटा फे इथे त्याच नावाचं वेगळंच कॉलेज आहे. आमच्या एका नातेवाइकांनी भलत्याच सेंट जॉन्सची माहिती वाचून घरात घबराट उडवली होती. अर्ज भरताना, फी पाठवताना आणि आय-२० (व्हिसासाठी लागणारं, कॉलेजने दिलेलं प्रवेशाचं प्रमाणपत्र) हातात आल्यावर गाव आणि राज्य वाचा.

अर्जाची सुरुवात २०२० च्या दिवाळीत झाली. बारावी घरात बसून चालली होती. अशा कॉलेजांतल्या शिक्षणाला म्हणतात तो ‘लिबरल आर्ट्स’ हा शब्द ऐकून सगळ्यांना वाटलं, मुलगा सायन्स सोडून आर्ट्सला चालला. तसं नसतं. बायॉलॉजी हा मुख्य विषय ठेवून मी त्याच चार वर्षांत मातीची भांडी घडवणं, अर्थशास्त्र, थिऑलॉजी (धर्मशास्त्र) आणि लेखन शिकलो. साधारण चार-चार क्रेडिटचे चार विषय एका सत्रात, आणि मुख्य विषय कोणता हे पहिल्या दिवशी सांगायची सक्ती नाही.

कॉमन अ‍ॅपवर (अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणी अर्ज करायचं संकेतस्थळ) अर्ज, एक निबंध आणि दोन शिक्षकांची शिफारसपत्रं लागली. आमच्या ज्युनियर कॉलेजच्या सरांनी असं पत्र कधी लिहिलं नव्हतं. ‘चारित्र्य उत्तम आहे’ एवढं त्यांनी लगेच दिलं असतं, पण तिथे हवं असतं ते म्हणजे हा मुलगा वर्गात कसा वागतो, अडला की काय करतो. मी सरांपुढे बसून अकरावीतल्या दोन-तीन प्रसंगांची आठवण करून दिली आणि त्यांनी फार मनापासून लिहिलं. शिक्षकांना किमान महिनाभर वेळ द्या. इंग्रजीसाठी डुओलिंगोची परीक्षा घरूनच दिली, तेव्हा तिची फी ४९ डॉलर होती. पहिल्या वेळी मध्येच वीज गेली आणि परीक्षा रद्द झाली. दुसऱ्यांदा काकांच्या दुकानातला इन्व्हर्टर आणून ठेवला.

प्रवेशाचं आणि स्कॉलरशिपचं पत्र जानेवारी २०२१ मध्ये आलं. पत्रातला स्कॉलरशिपचा आकडा मोठा दिसतो, पण तो वजा होतो शिकवणीच्या फीमधून. खोली, जेवण, आरोग्यविमा, पुस्तकं, विमानतिकीट आणि थंडीचे कपडे यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. आम्ही वहीत दोन रकाने करून चार वर्षांचा हिशेब मांडला, त्यात दरवर्षी फी थोडी वाढणार हेही धरलं, आणि मगच होकार कळवला.

कर्ज ४० लाखांचं घेतलं. आमच्या बँकेत साडेसात लाखांच्या पुढे तारण लागायचं आणि शेतजमीन तारण म्हणून चालत नव्हती, म्हणून राहतं घर लावलं. बँकेचं नाव लिहीत नाही. मंजुरीला सात आठवडे लागले, कारण घराच्या उताऱ्यावर आबांचं नाव एक आणि आधारवर दुसरं. प्रतिज्ञापत्र, गॅझेट, पुन्हा फेरी. वडील रजा काढून नऊ वेळा शाखेत गेले. त्या दिवसांत ते घरी आले की काही न बोलता पायरीवर बसायचे, ते मला अजून दिसतं. ज्यांच्या घरात बारावीचं मूल आहे त्यांनी कागदांवरची नावं आजच जुळवून घ्यावीत. आणखी एक. तेव्हा सात लाखांच्या वर परदेशी पाठवलेल्या कर्जाच्या रकमेवर अर्धा टक्का टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ वसूल करते तो कर, कापला जायचा. २०२५ च्या अर्थसंकल्पाने मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जावरचा तो काढला. स्वतःच्या खिशातून पाठवणाऱ्यांनी मात्र नियम पाहून घ्यावा. कापलेला टीसीएस रिटर्न भरल्यावर परत मिळतो, पण ऐन फी भरायच्या वेळी हात अडतो.

आय-२० मे महिन्यात ईमेलने आलं. मग सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, फी ३५० डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे २६,००० रुपये, आणि व्हिसाची १६० डॉलर. (जून २०२३ पासून ती १८५ आहे.) दुसरी लाट नुकतीच ओसरत होती, वकिलाती बंद होत्या. जूनच्या मध्यात विद्यार्थ्यांसाठी व्हिसाच्या मुलाखतीच्या तारखा खुल्या झाल्या आणि पहिले दोन दिवस पान उघडतच नव्हतं. तिसऱ्या पहाटे चार वाजता १९ जुलैची तारीख मिळाली. पुन्हा पुन्हा पान ताजं करत बसू नका, खातं काही तासांसाठी गोठतं. माझं एकदा गोठलं होतं.

त्यातच लसीचा घोळ. कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर होतं, पण परदेशी शिकायला जाणाऱ्यांना जूनमध्ये २८ दिवसांनंतर दुसरा डोस घ्यायची सवलत मिळाली. त्यासाठी साताऱ्याला जाऊन आय-२० दाखवावं लागलं, आणि प्रमाणपत्रावर आधारऐवजी पासपोर्टचा नंबर घालून घ्यावा लागला.

मुलाखतीला वडील आणि मी आदल्या दिवशी मुंबईत पोचलो. बोटांचे ठसे एका दिवशी, मुलाखत दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलात. वडील बाहेर पावसात छत्री धरून उभे. आत दोन मिनिटंही लागली नसतील. हेच कॉलेज का, पैसे कोण देणार, पुढे काय करणार. मी म्हणालो, वर्गात वीस-पंचवीस मुलं असतात आणि पहिल्या वर्षापासून प्रयोगशाळेत काम करता येतं. व्हिसा मिळाला. तीन दिवसांनी, २२-२३ जुलैला, कोयना-कृष्णेला पूर आला आणि पासपोर्ट आणायला मुंबईला जायचे सगळे बेत आठवडाभर लांबले. बारावीची परीक्षा रद्द झाली होती, दहावी, अकरावी आणि बारावीचे वर्षभरातले गुण धरून लावलेला निकाल ३ ऑगस्टला लागला. गुणपत्रक बंद पाकिटात घेऊन मी ऑगस्टच्या मध्यावर निघालो. खिशात विमानाच्या वेळेआधी तीन दिवसांच्या आतला कोविड निगेटिव्ह अहवाल, दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो.

निघताना आजीने एकच विचारलं, “बाटवणार तर नाहीत ना रे?”

याचं उत्तर सविस्तर देतो, कारण त्या मुलीच्या आईनेही आडवळणाने हेच विचारलं. नाही. चार वर्षांत मला कोणी धर्म बदल म्हणालं नाही, प्रार्थनेला ये असा आग्रहही केला नाही. थिऑलॉजीचे दोन विषय मात्र सगळ्यांना घ्यावे लागतात. त्यांत परीक्षा श्रद्धेची नसते, वाचनाची आणि लिहिण्याची असते. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलात तर कम्युनियनच्या (प्रसादासारखी भाकर घेण्याच्या) वेळी जागेवर बसून राहिलं तरी चालतं, किंवा रांगेत जाऊन दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवले की फादर फक्त आशीर्वाद देतात. हे कोणी आधी सांगितलं असतं तर पहिल्या रविवारी मी इतका अवघडलो नसतो.

मिनियापोलिसच्या विमानतळापासून कॉलेज दीड तासावर आहे. कॉलेजची गाडी न्यायला आली होती. मक्याची शेतं, गोठे, पुन्हा मका. मग महामार्गावरूनच काँक्रीटची एक उभी प्रचंड पाटी दिसते, तिच्यात घंटा टांगलेल्या आणि वर क्रॉस. ११२ फूट उंचीची ही घंटांची भिंत आणि मागचं चर्च मार्सेल ब्रॉयर या वास्तुकाराने आखलं, १९६१ मध्ये ते पुरं झालं. चर्चची दर्शनी भिंत म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे काँक्रीटचे षट्कोन, आणि प्रत्येकात रंगीत काच. मागे सॅगाटॅगन तळं, त्याच्या कडेने रान, रानातून तळ्याला वळसा घालत पलीकडच्या छोट्या चॅपेलपर्यंत जाणारी पायवाट. पहिल्या आठवड्यात मी त्या वाटेवर रोज चाललो, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं.

हॉस्टेलच्या आमच्या मजल्यावर एक मठवासी ब्रदर राहत. ही इथली जुनी पद्धत आहे, मुलांच्या इमारतीत संन्यासी राहतात. दार उघडं, टेबलावर बिस्किटं. ते रखवालदार नव्हते, कोणाला रागवतही नसत. मुलं रात्री अकरालाही त्यांच्या खोलीत जाऊन बसत.

सप्टेंबर चांगला गेला. ऑक्टोबरमध्ये झाडं लाल-पिवळी झाली. केमिस्ट्रीच्या पहिल्या परीक्षेत मला १०० पैकी ५४ मिळाले आणि तिथून घसरण सुरू झाली. बारावीपर्यंत मी गणितं पाठ करून गेलो होतो. इथे प्रश्न असायचा, ‘हे असं का झालं ते लिहा.’ नोव्हेंबरमध्ये घड्याळं एक तास मागे गेली, साडेचार-पावणेपाचला अंधार पडायला लागला, आणि मी आधी एक तास बुडवला, मग तीन, मग सलग पाच दिवस खोलीबाहेर फक्त जेवायला पडलो. घरी फोनवर सांगत होतो, अभ्यास चालू आहे.

मोठ्या विद्यापीठात हे कदाचित सत्र संपेपर्यंत चाललं असतं. इथे सहाव्या दिवशी केमिस्ट्रीच्या बाईंचा ईमेल आला, ‘तुझी खुर्ची रिकामी दिसते. गुरुवारी तीन वाजता माझ्या खोलीत ये, चहा घेऊ.’ त्याच संध्याकाळी ब्रदरनी दार वाजवलं. काय झालंय असं विचारलं नाही. म्हणाले, “सात वाजता आमची प्रार्थना असते, मी तिकडेच चाललोय. नुसता बसायला येतोस का?”

मी गेलो ते खोलीतून बाहेर पडायला निमित्त मिळालं म्हणून. पाहुण्यांना ते मागे बसवत नाहीत, आपल्या शेजारी, संन्याशांच्याच आसनांवर बसवतात. हातात पुस्तक देतात, पानावर बोट ठेवून दाखवतात. वेदीच्या दोन्ही अंगांना संन्यासी बसलेले. एका बाजूने स्तोत्राचं एक कडवं म्हणायचं, दुसऱ्या बाजूने पुढचं. आणि ओळीच्या मध्येच ते थांबतात. चांगला एक श्वास भरून थांबतात, मग उरलेली ओळ. पहिल्या दिवशी मी त्या थांब्यात दोनदा एकटाच पुढे म्हणून गेलो. शेजारच्या वृद्ध फादरनी पुस्तकावर हलकेच हात ठेवला, बस.

मला एकदम आमच्या देवळातला हरिपाठ आठवला. समोरासमोर दोन रांगा, इकडून एक चरण, तिकडून दुसरं, टाळाची चाल धरून. आबांच्या शेजारी बसून मी लहानपणी असाच पुढे पळायचो आणि ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचे. हिवाळ्यात कॉलेजव्हिलचे संध्याकाळचे सात म्हणजे आमच्याकडे सकाळचे साडेसहा, आबांच्या पूजेची वेळ. त्या रात्री मी आबांना फोन लावून खरं सांगितलं. केमिस्ट्री, अंधार, खोटं बोललो ते, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “एका वेळी किती माणसं म्हणतात?” मी म्हटलं, पन्नासेक असतील. म्हणाले, “मग जात जा. टाळ नसले तरी चालतंय.”

पुढे आठवड्यातून दोन-तीनदा जात राहिलो. ख्रिस्ती झालो नाही, पण त्या अर्ध्या तासाने दिवसाला खुंटी मिळाली. सात वाजता कुठेतरी पोचायचंय म्हटल्यावर सहाला जेवण, त्याआधी प्रयोगशाळेचं लिखाण, असं आपोआप लागत गेलं. बाईंकडे दर गुरुवारी बसायला लागलो. सत्राअखेर केमिस्ट्रीत ‘बी’ श्रेणी मिळाली. माझं त्या मुलीला सांगणं हेच आहे की शिक्षकांच्या ‘ऑफिस अवर्स’ला पहिल्याच आठवड्यात जा, काही अडलं नसलं तरी. आपल्याकडे शिक्षकांच्या खोलीत बोलावणं म्हणजे चूक झाली, असं डोक्यात बसलेलं असतं. इथे ती वेळ तुमच्यासाठी राखून ठेवलेली असते.

कॅम्पसच्या ग्रंथालयात सेंट जॉन्स बायबल ठेवलेलं आहे. पूर्ण हाताने लिहिलेलं, वासराच्या कातड्याच्या पानांवर पिसांच्या लेखण्यांनी. मठाने १९९८ मध्ये डोनाल्ड जॅक्सन या सुलेखनकाराला ते काम दिलं आणि २०११ मध्ये शेवटचा शब्द लिहून झाला. उघडलं की तीन फूट रुंद होतं. त्यातल्या स्तोत्रांच्या भागात पानभर बारीक सोनेरी लहरी आहेत. त्या इथल्या संन्याशांच्या गायनाच्या ध्वनिलहरी आहेत, आणि त्यांच्याबरोबर इतर धर्मांतल्या गायनाच्याही. त्यांत एक हिंदू भजन आहे. हे वाचलं तेव्हा मी काचेपाशी बराच वेळ थांबलो. आबांना फोटो पाठवला, पण लहर कुठली ते बोटाने दाखवायला मी तिथे नव्हतो.

थंडीचे कपडे मुंबईहून घेऊन जाऊ नका, हे ठळकपणे सांगतो. आम्ही ६,००० रुपयांचं जाकीट घेतलं होतं, ते ऑक्टोबरपुरतं पुरलं. जानेवारी २०२२ मध्ये पारा उणे २८ सेल्सियसवर गेला. श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात आणि डोळ्यांच्या पापण्या चिकटतात. जुन्या कपड्यांच्या दुकानात १८ डॉलरना जाड कोट मिळाला, बूट मात्र नवे घेतले, ७० डॉलर. पैसे बुटांवर आणि हातमोज्यांवर खर्च करा.

मी शाकाहारी. जेवणघरात सॅलड, पास्ता, चीज, बीन्स आणि मठाच्या जुन्या पाककृतीचा जाड ‘जॉनी ब्रेड’ रोज मिळतो, पण फेब्रुवारीपर्यंत जीभ कंटाळते. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, सुरू झाला की दर शुक्रवारी कॅथलिक लोक मांस खात नाहीत, त्या दिवशी माझ्यासाठी पदार्थच पदार्थ. तूरडाळ, पोहे, हिंग सेंट क्लाउडला मिळतात. तिथे सोमाली लोकांची मोठी वस्ती आहे आणि त्यांच्या दुकानांत मसाले आपल्या ओळखीचे असतात. नाताळच्या सुट्टीत हॉस्टेल जवळजवळ रिकामं होतं, तेव्हा कुठे राहणार हे ऑक्टोबरमध्येच ठरवा. मला एका वर्गमित्राच्या घरच्यांनी त्यांच्या गोठ्यावर नेलं. हा सगळा दुधाचा जिल्हा. त्याच्या आईने माझ्यासाठी बटाट्याची भाजी करायचा प्रयत्न केला, हळद मी नेली होती.

आता पैशांचं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं. मी पहिल्या वर्षी भांडी धुतली, नंतर प्रयोगशाळेत आणि रानाची निगा राखणाऱ्या विभागात लागलो. तासाला दहा-साडेदहा डॉलर. काम मिळालं की नोकरीचं पत्र, पासपोर्ट, आय-२० आणि आय-९४ (देशात आल्याची नोंद) घेऊन सोशल सिक्युरिटी कार्यालयात जायचं. पगार-करासाठी लागणाऱ्या क्रमांकाचं कार्ड पोस्टाने यायला मला सोळा दिवस लागले. आणि कर: एक डॉलरही कमावला नसला तरी फॉर्म ८८४३ पाठवावाच लागतो. कमाई असेल तर १०४०-एनआर, म्हणजे अनिवासींचं कर-विवरणपत्र. इतर देशांच्या विद्यार्थ्यांना तिथे प्रमाणित वजावट (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) मिळत नाही, पण भारत-अमेरिका करारातल्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्यांना मिळते. माझ्यासारख्याची कमाई त्या वजावटीतच बसते आणि कापलेला केंद्रीय कर परत येतो. वर्गमित्र वापरतात ते मोफत सॉफ्टवेअर वापरू नका, ते तुम्हाला रहिवासी धरून चुकीचा फॉर्म भरतं. आमच्यातल्या एकाला मग दुरुस्तीचा फॉर्म भरण्यात आठ महिने गेले.

रानातल्या कामामुळे मार्च २०२२ मध्ये मला मॅपल झाडाच्या खोडातलं गोडसर पाणी काढायला जाता आलं, आणि तिथून हे कॉलेज मला आपलं वाटायला लागलं.

महायुद्धात साखरेचं रेशनिंग झालं तेव्हा, १९४२ मध्ये, संन्याशांनी रानातल्या शुगर मॅपलपासून पाक करायला सुरुवात केली. रात्री पाणी गोठेल इतकी थंडी आणि दिवसा बर्फ वितळेल इतकं ऊन, असे काही आठवडेच हे चालतं. खोडाला बोटभर जाडीचं, दोन-अडीच इंच खोल भोक पाडतात, त्यात तोटी ठोकतात, तोटीला झाकणाची बादली टांगतात. गुडघाभर बर्फातून आम्ही झाडामागून झाड बादल्या रिकाम्या करत जायचो. दोन्ही हातांत वीस-वीस लिटर. पहिल्या बादलीचं झाकण उचललं तर आत स्वच्छ पाणी, वर बर्फाचा पातळ पापुद्रा. चाखलं. पाणीच, पण घोट गिळल्यावर मागून किंचित गोड.

मग भट्टीचं छप्पर. दार उघडलं आणि अंगावर वाफ आली. मी तिथेच उभा राहिलो. लाकडाचा जाळ, वर पसरट लांब कढई, उकळत्या रसाचा फेस, चष्म्यावर धुकं, कपड्यांना गोडसर धूर. काकांच्या गुऱ्हाळात चुलवाणापाशी बसून मी वाढलोय. इथे चिपाडांऐवजी ओंडके, काहिलीऐवजी कप्पे पाडलेली कढई. फेस वर आला की काका शेंगतेलाचे थेंब टाकतात, इथे लोण्याचा बारीक तुकडा टाकला आणि फेस तसाच खाली बसला. गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी बघतो, इथे पळी तिरकी धरतात. पाक थेंबाथेंबाने न पडता पदरासारखा पसरून लोंबला की उतरवायचा. उसाच्या रसात साखर भरपूर असते, या पाण्यात जेमतेम दोन टक्के. म्हणून ४० गॅलन पाणी आटवल्यावर एक गॅलन पाक मिळतो. हे मी तिथल्या मुलांना सांगायला लागलो तसे सगळे भोवती जमले. सात महिन्यांत पहिल्यांदा मला माहीत असलेली गोष्ट कोणाला तरी हवी होती. व्हिडिओ कॉलवर काकांना दाखवलं. ते म्हणाले, “जाळ जास्त झालाय, मागचं लाकूड ओढ.” मी भट्टीवरच्या फादरना ते इंग्रजीत सांगितलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि खरोखर एक ओंडका ओढला.

मधली दोन वर्षं भराभर गेली. एक वर्ग या कॅम्पसवर, दुसरा मुलींच्या, त्यामुळे मधली ‘लिंक’ बस म्हणजे आयुष्याचा भाग. बस मोफत असते, पण वर्गाच्या वेळा निवडताना तिचं वेळापत्रक समोर ठेवा, दोन वर्गांत दहाच मिनिटं ठेवलीत तर रोज पळाल. रात्रीची शेवटची बस फोनमध्ये लिहून ठेवा. २०२२-२३ मध्ये एप्रिलपर्यंत बर्फ होतं, पाक उशिरा सुरू झाला. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सगळ्यांत उबदार ठरला, नाताळात चक्क पाऊस पडला, आणि तोट्या फारच लवकर ठोकाव्या लागल्या. माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्यावरच झाला, थंडी-उन्हाची अदलाबदल आणि रस येण्याचे दिवस. सुट्टीत घरी येताना आय-२० वर प्रवासाची सही ताजी आहे ना बघा, ती एक वर्ष चालते.

पालकांना पदवीदानाला बोलवायचं असेल तर त्यांच्या व्हिसाचा अर्ज दुसऱ्याच वर्षी करा. २०२२ च्या शेवटी मुंबईत पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी दोन वर्षांहून जास्त प्रतीक्षा दाखवत होती. मी तेव्हा अर्ज भरला म्हणून २०२४ मध्ये आई-वडिलांची मुलाखत झाली. मित्राने शेवटच्या वर्षी भरला, त्याचे पालक येऊ शकले नाहीत.

शिक्षणानंतर वर्षभर काम करण्याची परवानगी, म्हणजे ओपीटी, हिचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. मी ऑनलाइन आय-७६५ फेब्रुवारी २०२५ मध्ये भरला, फी ४७० डॉलर. कॉलेजने शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांत अर्ज पोचायला हवा, ही तारीख चुकवू नका. परवानगीचं कार्ड एप्रिलच्या शेवटी आलं. ओपीटी सुरू झाल्यावर बेकारीचे एकूण ९० दिवसच चालतात, तेही मोजत राहावं लागतं. जूनअखेर मिनियापोलिसजवळच्या एका पाणी-तपासणी प्रयोगशाळेत रुजू होणार, असं ठरलं, आणि मधले दिवस आई-वडिलांसाठी ठेवले.

मेमध्ये ते आले. पदवीदान झालं, टोपी घालून फोटो झाले. आईला केमिस्ट्रीच्या बाईंना भेटायचं होतं. दोघी शिक्षिका. आईला इंग्रजी बोलायचा संकोच, तरी त्या पाऊण तास बोलत बसल्या, मी बाहेर थांबलो. संध्याकाळी सातला दोघांना घेऊन प्रार्थनेला गेलो. वडील ओळीच्या मध्ये बरोबर थांबले, एकदाही पुढे गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांना रानातलं पाकाचं छप्पर दाखवलं. हंगाम संपलेला, कढई घासून पालथी घातलेली. वडिलांनी तिच्या कडेवरून बोट फिरवून सांध्याची पट्टी तपासली आणि भावाला दाखवायला चार बाजूंनी फोटो काढले. पाकाची बाटली हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, मोठ्या बॅगेत टाकायची. आईने ती लोकरी मोज्यात घातली, मग मोजा माझ्या १८ डॉलरच्या कोटात गुंडाळला.

काकांनी भाकरीचा तुकडा त्यात बुडवून खाल्ला, तेव्हा मी फोनवर होतो. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आबांकडे बाटली सरकवत म्हणाले, “काकवीच आहे. धूर दुसऱ्या लाकडाचा.”